निसर्गचित्रातले रिकामे गायरान

दलित साहित्याने मराठीतल्या गावाची झाडाझडती घेतली त्याला आता चार-पाच दशके उलटली. कथा-कादंबरीतले गोजिरे गाव, त्यातला दिलदार पाटील, इमानी महार, देवळाचा घंटानाद हे सारे किती अर्धे आणि म्हणून किती खोटे आहे ते 'बलुतं' (१९७८), 'आठवणींचे पक्षी' (१९७९), 'उपरा' (१९८०), 'तराळ-अंतराळ' (१९८१) या आत्मकथनांनी दाखवून दिले. वेशीबाहेर काय आहे ते मला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय मराठी लेखकाला आता राहिलेली नाही. परंतु शब्दांतल्या गावाची ही झडती घेताना भिंतीवर टांगलेले गाव आपल्या नजरेतून सुटले. प्रस्तुत लेखाचा विषय हे भिंतीवरचे गाव आहे.

बँकेच्या शाखेत, दवाखान्याच्या बाकड्यासमोर, मुख्याध्यापकांच्या खोलीत, किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर हे चित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. मागे निळसर डोंगर, त्यातून उतरलेला ओढा, मध्ये हिरवे कुरण, चार गाई, एक गुराखी, झाडाआडून डोकावणारे कौलारू घर. खाली चित्रकाराची सही. शीर्षक 'माझे गाव' किंवा 'गावाकडची सकाळ'. हे चित्र काढणाऱ्याचा हेतू वाईट असतो असे मी म्हणत नाही. त्याला आपल्या मुलखाची ओढ असते. शहरात वीस वर्षे काढल्यावर जो मुलूख डोळ्यांपुढे येतो तो तो कागदावर उतरवतो. त्या ओढीविषयी माझी तक्रार नाही. ती मलाही आहे. माझा प्रश्न असा की, मुलखाची आठवण चित्रात येताना वाटेत काय गाळले जाते आणि त्या गाळण्याचा फायदा कोणाला होतो?

ही गाळणी शाळेतच बसवली जाते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी, नदीकाठी झोपडी आणि झोपडीशेजारी नारळाचे झाड, हे चित्र महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांनी काढलेले आहे. मी मराठवाड्यातला. आमच्या शिवारात बाभूळ, बोर, लिंब आणि हिवर. नारळ दिसायचा तो देवळात फोडताना. तरीही आमच्या वर्गातले प्रत्येक पोर नारळाचे झाड काढी, कारण चित्रातले गाव असेच असते हे आम्ही पुस्तकातून शिकलो होतो. ज्या मुलाला स्वतःच्या दारातली बाभूळ चित्रात घेण्याजोगी वाटत नाही, त्याला पुढे स्वतःची वस्ती चित्रात घेण्याजोगी कशी वाटावी?

२

प्रथम शब्दाचा विचार करू. 'निसर्ग' हा शब्द गावात कोणी बोलत नाही. गावात रान असते. हे रान म्हणजे जंगल नव्हे. रान म्हणजे कोणाचे तरी शेत. 'रानात गेलाय' म्हटले की ऐकणारा विचारतो, 'कुणाच्या?' शिवार, माळ, पड, गायरान, पाणंद, बांध, शीव यांतल्या प्रत्येक शब्दाला मालकी चिकटलेली आहे, वहिवाट चिकटलेली आहे, दोन-चार पिढ्यांचे भांडणही चिकटलेले आहे. जुन्या गावगाड्यात घरांच्या जमिनीला पांढरी म्हणत आणि पिकाच्या जमिनीला काळी. रंगांची ही नावे चित्रकाराला आयती मिळालेली आहेत. परंतु आपल्या माणसाला पांढरीत जागा नव्हती. त्याची वस्ती पांढरीबाहेर. काळीत वाटा असला तर तो वतनाच्या हाडकी-हाडवळ्याचा. पिढ्या वाढत गेल्या तसे त्याचे तुकडे पडत गेले आणि त्या तुकड्यांच्या बदल्यात सारे घर सरकारची व गावाची चाकरी करीत राहिले. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या फासातून माणूस सोडवण्यासाठी. प्रत्यक्षात ही वतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली.

'निसर्गचित्र' म्हटले की शिवार, पड, गायरान ही सर्व नावे पुसली जातात आणि उरतो तो निव्वळ रंग. जमिनीचा एकदा निसर्ग झाला की तिच्या सातबाऱ्याविषयी विचारणे अरसिकपणाचे ठरते. आस्वादक समीक्षेने हा अरसिकपणाचा आरोप फार वर्षे वापरला आहे. आपण त्याला भिण्याचे कारण नाही.

३

चित्रकलेच्या वर्गात निसर्गचित्र शिकवताना आधी डोळ्याची पातळी शिकवतात. क्षितिजरेषा कागदावर कोठे येणार हे चित्रकार कोठे उभा आहे यावर ठरते. जवळचे मोठे, दूरचे लहान; पुढचे स्पष्ट, मागचे धूसर. हा यथार्थदर्शनाचा नियम भूमितीचा आहे हे खरेच, परंतु चित्रकाराने कोठे उभे राहायचे हे भूमिती ठरवीत नाही. आपल्या बहुतेक निसर्गचित्रांनी गाव पाहिले आहे ते टेकडीवरून, देवळाच्या ओट्यावरून किंवा मोटारीच्या रस्त्यावरून. वस्तीच्या दारात उभे राहून गावाकडे पाहिलेली चित्रे शोधावी लागतात.

दख्खनच्या पुष्कळ गावांत महारवाडा पूर्वेला असे. पश्चिमेचा वारा गावावरून वस्तीकडे यावा, वस्तीवरून गावाकडे जाऊ नये, अशी ती मांडणी. तेथून पाहणाऱ्याला संध्याकाळी गाव कसे दिसते? सूर्य गावाच्या पाठीमागे मावळतो. समोर राहतो तो घरांचा, वेशीचा, कळसाचा काळा आकार आणि मागे तांबडा उजेड. गावातल्या माणसाला जी 'सोनेरी संध्याकाळ' दिसते ती वस्तीतून अशी दिसते. उजेड तोच, सूर्य तोच. फरक उभे राहण्याच्या जागेचा. कोकणात मांडणी निराळी. 'आयदान'मध्ये उर्मिला पवार यांनी आपली वस्ती गावाच्या मध्यात असल्याचे सांगितले आहे. केव्हाही हाक मारता यावी यासाठी. तेथला चित्रकार चहूकडे पाहील तर त्याला चहूकडे हाक मारणारेच दिसतील. म्हणजे 'आपला मुलूख' हा प्रत्येक ठिकाणी नव्याने पाहावा लागणार. दलित चित्रकाराचे एक ठरीव निसर्गचित्र असू शकत नाही.

आता त्या परिचित चित्रातल्या वस्तूंकडे पाहू. कुरणात गाई चरताहेत. या चित्रातली गाय कधी मरत नाही. खऱ्या गावातली गाय मरते आणि ती मेली की गावाला वस्ती आठवते. ढोर ओढून नेणे हे आपल्या माणसाच्या जन्माला बांधलेले काम होते आणि ते सोडले म्हणून बहिष्कार सोसलेली गावे महाराष्ट्रात कमी नाहीत. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले ते याच गाईच्या संदर्भात. चित्रकार गाय रंगवतो तेव्हा तिच्या मरणानंतरचे काम ज्यांच्यावर टाकले होते ती माणसे चित्राबाहेर ठेवतो.

त्याच चित्रात मागे डोंगर आहे, ओढा आहे, दोन गावांमधली शीव आहे. शिवेचा तंटा निघाला की जुन्या काळी साक्ष कोणाची काढीत? महाराची. कोणता दगड कोणाचा, ओढा पूर्वी कोठून वाहत होता, कोणत्या चिंचेपासून कोणाचे शिवार सुरू होते, हे त्याला पाठ असे. रात्री-अपरात्री टपाल घेऊन, मयताची बातमी घेऊन तोच या वाटा तुडवीत होता. म्हणजे गावाचा भूभाग ज्याला सर्वांहून अधिक ठाऊक होता तोच भूभागाच्या चित्रात नाही. गुराखी आहे, पाणी आणणारी बाई आहे, देवळाकडे निघालेला म्हातारा आहे. शिवेचा साक्षीदार तेवढा नाही. हे मी योगायोगाचे मानीत नाही.

आणि पाणी. निसर्गचित्रातले पाणी नेहमी मोकळे असते. त्यात आकाश उतरते, झाडे उतरतात. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा बोले ठराव मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाला, महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून तळे खुले केले, आणि तरीही त्या पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावे लागले. त्याबद्दल डोकी फुटली. हे ज्याला ठाऊक आहे त्याला महाराष्ट्रातल्या तळ्याचे कोणतेही जुने चित्र पाहताना ते पाणी नुसते सुंदर दिसणार नाही. त्या पाण्यात कोणाचे प्रतिबिंब पडू दिले नव्हते तेही तो शोधील.

४

आपल्या मुलखाशी आयुष्यभर इमान राखलेला मराठी निसर्गचित्रकार म्हटले की कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांचे नाव घ्यावे लागते. मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकून ते कोल्हापूरला परतले आणि तेथेच राहिले. कोटितीर्थाचे तळे, पंचगंगेचा काठ, आसपासचे रान हे त्यांचे विषय. एकच तळे त्यांनी निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या उजेडात पाहिले. राजर्षी शाहू महाराजांचा त्यांना आश्रय होता. १९२२ साली महाराज गेले तेव्हा त्या दुःखात त्यांनी आपली चित्रे कोटितीर्थात टाकली अशी हकिकत सांगतात. १९३१ साली ते वारले.

ज्या राजाने या चित्रकाराला आश्रय दिला त्यानेच २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, १९१८ साली आपल्या संस्थानात महार वतन रद्द करून त्या जमिनी रयतावा केल्या, आणि १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांना समाजाचे नेते म्हणून पुढे केले. म्हणजे एकाच काळात, एकाच भूमीकडे पाहण्याच्या दोन रीती एकाच दरबाराच्या आधाराने चालू होत्या. एक रीत विचारीत होती, या भूमीवर उजेड कसा पडतो? दुसरी विचारीत होती, ही भूमी कोणाच्या नावावर आहे? कलासमीक्षकाने पहिली तेवढी टिपली, इतिहासकाराने दुसरी तेवढी. दोन्ही एकत्र ठेवून फारसे लिहिले जात नाही. वास्तविक निसर्गचित्राची खरी समीक्षा या दोन प्रश्नांच्या भेटीतूनच सुरू होते.

आबालाल यांना दोष द्यावा म्हणून मी हे लिहीत नाही. त्यांच्याकडून दलित चित्रकाराला एक मोठी गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्यांनी कॅलेंडरातले गाव काढले नाही. आपल्या जागेवर ठाण मांडून तिच्याकडे वर्षानुवर्षे पाहिले. जागेशी हे इमान हवे. त्यात भर घालायची आहे ती दुसऱ्या प्रश्नाची.

५

हा पेच आपला एकट्याचा नाही. इंग्रज चित्रकार गेन्सबरो याने १७५० च्या सुमारास अँड्र्यूज नावाच्या जोडप्याचे चित्र काढले. ओकच्या झाडाखाली नवराबायको आणि शेजारी पसरलेले पिकाचे शेत. जॉन बर्जर याने १९७२ साली साधी गोष्ट दाखवून दिली की, ही माणसे निसर्गात रमलेली नसून आपल्या मालमत्तेपुढे बसलेली आहेत. शेत नांगरणारा, पेरणारा, कापणारा कोणी तेथे दिसत नाही. जॉन बॅरेल याने १९८० च्या आपल्या पुस्तकात अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी निसर्गचित्रांतून गरीब माणूस कसा सावलीत सारला गेला याचा शोध घेतला. म्हणजे प्रस्थापितांच्या घरातही हा प्रश्न विचारणारे निघाले. आपण विचारला तर मात्र तो कलाबाह्य ठरतो!

फ्रान्सच्या मिले या चित्रकाराचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. तो नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याच्या पोटी जन्मला. १८५७ साली त्याने सरवा वेचणाऱ्या तीन बायकांचे चित्र प्रदर्शनात मांडले. पीक निघून गेल्यावर मातीत पडलेली कणसे वेचणाऱ्या, वाकलेल्या तीन बायका चित्राच्या अगदी पुढे, मोठ्या. मागे दूरवर गंजी, भरलेली गाडी आणि उजवीकडे घोड्यावर बसलेला मुकादम, एवढासा. गावगाड्याचे यथार्थदर्शन त्याने उलटे केले. मालकाचे पीक मागे धूसर गेले आणि सरवा पुढे आला. त्या वेळच्या पॅरिसमधले कित्येक सभ्य समीक्षक हे चित्र पाहून अस्वस्थ झाले. १८४८ ची क्रांती त्यांच्या स्मरणात होती. आपल्या आयाबहिणींनी दुसऱ्यांच्या रानात सरवा वेचलेला आहे. त्यांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही.

तिसरे उदाहरण अमेरिकेतले. निग्रो साहित्याशी आपले नाते जुने आहे. त्यांच्या चित्रकलेकडे आपण कमी पाहिले. रॉबर्ट डंकन्सन (१८२१–१८७२) हा कृष्णवर्णीय चित्रकार गुलामगिरी चालू असताना सिनसिनाटी शहरात राहून निसर्गचित्रे काढीत होता. नद्या, झाडी, शांत पाणी. भाऊबंद साखळदंडात असताना हा पाण्याची चित्रे काढतो, असे म्हणून त्याला झटकून टाकणे सोपे आहे. परंतु १८५१ च्या सुमारास त्याने आपल्या शहराचे जे चित्र काढले ते कोठून? ओहायो नदीच्या पलीकडच्या काठावरून, केंटकीतल्या कोव्हिंग्टनहून. केंटकी हे गुलामगिरीचे राज्य. नदीच्या अलीकडे गुलामगिरी नाही. गुलामीच्या काठावर उभे राहून, काळी माणसे चित्राच्या पुढच्या भागात घेऊन त्याने समोरच्या स्वतंत्र काठाकडे पाहिले. त्यात एक घोषणा नाही, एक साखळी नाही. फक्त उभे राहण्याची जागा निवडलेली आहे. चित्रकाराची बांधिलकी एवढ्यानेही व्यक्त होऊ शकते.

६

आता त्या हिरव्या कुरणाकडे परत येऊ. मराठी निसर्गचित्रातले कुरण म्हणजे बहुतेक वेळा गायरान होय. गावच्या गुरांच्या चराईसाठी राखलेली ही सरकारी जमीन. चित्रात ती नेहमी रिकामी असते. तो रिकामेपणाच पाहणाऱ्याला आवडतो. तोच त्याला 'शांत' वाटतो.

प्रत्यक्षात मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत हे गायरान आपल्या माणसांनी वहितीला आणले आहे. खडकाळ, उताराची, काटेरी जमीन. दगड वेचून बांध घातले, बाभळी तोडून कूड केले, आणि ज्वारी, तूर, मटकी घेतली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर झाला आणि हजारो माणसे, त्यांत लेकुरवाळ्या बाया, तुरुंगात गेल्या. मागणी एकच होती: पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावे करा. पुढे शासनाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. तारीख बाबासाहेबांच्या शताब्दी वर्षारंभाची निवडली, परंतु कसणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचे नाव सातबाऱ्यावर आलेच नाही. पुरावा आणा, म्हणतात. ज्याला कोणी कधी पावती दिली नाही त्याने पुरावा कोठून आणावा? सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या निकालात गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्यास सांगितले. सरकारी आदेशाने भूमिहीनांना वा अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिलेले असतील तेथे अपवादाला वाव ठेवला. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली आणि गावोगाव नोटिसांची धास्ती पसरली. पट्टा ज्याला कधी मिळालाच नाही त्याला अपवादाचा आधार तरी कसा मिळावा?

'अतिक्रमण' या शब्दामागे एक चित्र आहे हे लक्षात घेतले पाहिजे. मुळात हिरवे, मोकळे, सर्वांचे असे एक कुरण होते आणि त्यात कोणीतरी बाहेरून घुसले, असे ते चित्र. अधिकाऱ्याच्या, गावपुढाऱ्याच्या, वर्तमानपत्र वाचणाऱ्या सुशिक्षिताच्या मनात ते शाळेपासून पक्के बसलेले आहे. दोन डोंगर, एक नदी, एक रिकामे कुरण. निसर्गचित्र निरुपद्रवी नाही असे मी म्हणतो ते या अर्थाने. चित्रातला रिकामेपणा हा जमिनीवरच्या हक्काचा दावा आहे. फक्त तो रंगात केलेला असल्यामुळे त्याला कोणी हरकत घेत नाही.

हक्काची जमीन असली तरी सुटका नाही. भंडारा जिल्हा तळ्यांचा आणि धानाचा; चित्रकाराला मोह पडावा असा. त्याच जिल्ह्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली आणि प्रेते कालव्यात टाकली गेली. त्या वैरामागे शेतजमिनीचा आणि तिच्यातून जाणाऱ्या वाटेचा वाद होता. धानाचे हिरवे शेत, शेतातून जाणारी पायवाट, पलीकडे कालवा: आपल्या निसर्गचित्रांचे हे अगदी ठरलेले घटक आहेत. यापुढे ती पायवाट रंगवणाऱ्याने ती कोणाच्या शेतातून जाते एवढे तरी स्वतःला विचारावे.

७

एक प्रसंग सांगतो. आमच्या महाविद्यालयात स्नेहसंमेलनाच्या वेळी चित्रप्रदर्शन भरले होते. गायरानावरच्या वस्तीतून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने आपल्या दारातून दिसणारा मुलूख जलरंगात काढला होता. चित्राच्या पुढच्या भागात त्यांच्या छपराचा गंजका पत्रा आणि त्यावर ठेवलेले दगड. त्यापलीकडे वेचलेल्या गोट्यांचा बांध, बांधाआड तुरीच्या ओळी, भर श्रावणातला हिरवागार माळ, आणि फार दूर, नखाएवढे, गाव. परीक्षक म्हणून आलेले गृहस्थ सज्जन होते, जाणकार होते. त्यांनी रंगांची तारीफ केली आणि म्हणाले, 'पुढचा पत्रा घेतला नसता तर हे पहिल्या बक्षिसाचे चित्र होते.' थोड्या वेळाने चळवळीतले माझे एक मित्र आले. तेही चित्रापुढे थांबले. म्हणाले, 'एवढं हिरवं कशाला? आपल्या मुलखात एवढी हिरवळ आहे कुठं? नोटीस दाखव, पोलीस दाखव.'

मुलीने दोघांचेही ऐकून घेतले. मग माझ्या मित्राला म्हणाली, 'दादा, हे हिरवं आपोआप नाही आलेलं. माझ्या मायनं दगड येचून केलंय ते.'

मला त्या दोन अभिप्रायांत विलक्षण साम्य दिसले. परीक्षकांना पत्रा नको होता, मित्राला हिरवळ नको होती. म्हणजे पत्रा आणि हिरवळ यांचा एकमेकांशी संबंध नाही, यावर दोघांचे एकमत होते. प्रस्थापित सौंदर्यदृष्टी म्हणते, सौंदर्य तुमचे नव्हे. आपल्यातला घाईचा विद्रोह म्हणतो, बरोबर आहे, ते आमचे नव्हेच. आम्हांला फक्त वेदना द्या. या दुसऱ्या भूमिकेने आपण नकळत फार मोठी गोष्ट सोडून देतो. ज्या माळावर आपल्या आईने दगड वेचले त्या माळाचे हिरवेपण आपण दुसऱ्याच्या नावावर करून देतो. जमिनीच्या लढ्यात जे आपण तहसीलदाराला करू देत नाही ते चित्रात स्वतःच्या हाताने करतो.

दलित चित्रकलेने आजवर प्रामुख्याने माणूस रंगवला हे योग्यच झाले. सवी सावरकरांच्या चित्रांतला गळ्यात मडके बांधलेला अस्पृश्य पाहिल्यावर भारतीय चित्रकलेतल्या मानवी देहाकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही. देहावरची जात त्यांनी दाखवली. भूमीवरची जात दाखवण्याचे पुष्कळसे काम अजून बाकी आहे, आणि त्यासाठी निसर्गचित्र हा प्रकार टाकून चालणार नाही.

येथे एक आक्षेप येईल. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याचा गौरव करणाऱ्यांना खडे बोल सुनावले. खेडे हे संकुचितपणाचे आणि जातीयतेचे घर आहे असे त्यांचे मत होते. मग आंबेडकरवाद्याने गावाचे चित्र कशाला काढावे? उत्तर असे की, बाबासाहेबांनी नाकारली ती गावाची समाजरचना, भूमी नव्हे. कोकणातली खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी १९३७ साली मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी १९४२ च्या नागपूर परिषदेत झाली; सरकारी पडीक जमिनीवर अशा वसाहती व्हाव्यात हे त्यांनी १९४७ च्या आपल्या निवेदनात पुन्हा मांडले. गाव सोडा म्हणणारा हा माणूस जमीन मागा असेही म्हणत होता. गावाची ओढ आणि भूमीचा हक्क यांत फरक आहे. निसर्गचित्रात आजवर पहिलीच आली. आपल्याला दुसरा आणायचा आहे.

८

मग दलित चित्रकाराने काय करावे? नियम घालून देणे हे समीक्षेचे काम नव्हे, आणि पत्रा दाखवला की चित्र दलित झाले असा सोपा हिशेबही मी मांडणार नाही. उद्या पत्र्याचेही कॅलेंडर निघेल. पण काही गोष्टी निश्चित सांगता येतात. चित्रकाराने आपण कोठे उभे आहोत हे आधी ठरवावे आणि ते चित्रात लपवू नये. ज्या जागेचे चित्र त्या जागेची नावे त्याला ठाऊक असावीत. झाडाचे नाव, ओढ्याचे नाव, आणि बांधाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांची नावे. हिरवा रंग भरताना तो पावसाने आला की कोणाच्या हाताने, याचा विचार करावा. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांवर खोदलेले पाझर तलाव आज निसर्गचित्रांत 'तळे' म्हणून येतात. त्या पाळीवर टोपल्या वाहिलेल्या बाया अजून आपल्या घरांत आहेत, त्यांना विचारावे.

शिक्षक वाचकांना एक विनंती. वर्गातल्या मुलांना 'निसर्गचित्र काढा' असे सांगू नका. 'तुझ्या दारात उभा राहा आणि जे दिसते ते काढ' असे सांगा. बाभूळ येईल, उकिरडा येईल, मोबाइलचा मनोरा येईल, लिंबाची सावलीही येईल. मग त्या मुलांची चित्रे शेजारी शेजारी लावा. गावाचा खरा नकाशा भिंतीवर उभा राहील. कार्यकर्त्यांना सांगणे असे की, गायरानाच्या प्रत्येक फाइलीत आपण पावत्या, पंचनामे, फोटो लावतो. वस्तीतल्या पोरांनी काढलेली चित्रे कोणी पुरावा म्हणून स्वीकारणार नाही हे मला कळते. पण समाजमंदिरात बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारच्या भिंतीवर ती लावता येतील, आणि चौकशीला येणारा अधिकारी तेथेच बसतो. तो ज्या रिकाम्या कुरणाचे चित्र मनात घेऊन आलेला असतो त्याच्यासमोर हे दुसरे चित्र असले पाहिजे, ज्यात तूर उभी आहे, बांध घातलेला आहे, आणि बांध घालणारी बाई हातातले काम न थांबवता त्याच्याकडे पाहते आहे.